विरंगुळ्याचे राजकारण

शनिवार पेठेतील वाडे पडतात आणि त्यांच्या जागी इमारती उभ्या राहतात, याला विकास म्हणण्याची प्रथा पडली आहे. वाड्याबरोबर चौक गेला, ओटा गेला, सामाईक नळावरचे भांडणही गेले. 12 जुलै 1961 रोजी पानशेत फुटले तेव्हा नदीकाठच्या या पेठेत कोणाच्या घरी म्हातारे माणूस आहे हे शेजाऱ्याला ठाऊक होते. आज मुलगा परदेशी आणि सत्तरी ओलांडलेली आई तिसऱ्या मजल्यावर दाराला साखळी लावून बसलेली, हे चित्र नित्याचे झाले आहे. नव्या इमारतीत जागा न मिळाल्याने शहराबाहेर फेकल्या गेलेल्या भाडेकरूचे एकटेपण तर कोणाच्या खिजगणतीतही नाही.

यावर महापालिकेपासून दानशूर मंडळांपर्यंत सर्वांनी एकच औषध शोधले आहे: विरंगुळा. केंद्र बांधावे, त्यावर नगरसेवकाचे नाव कोरावे, कोजागरीला मसाला दूध वाटावे. हा शब्दच मुळात अपमानास्पद आहे. आयुष्यभर छापखान्यात मुद्रिते तपासलेला माणूस किंवा शिवणावर संसार ओढलेली बाई यांच्यापाशी समाजाला देण्याजोगे काही उरलेले नाही, आता त्यांचा वेळ कसाबसा ढकलायचा, असे त्यात गृहीत धरलेले असते. ज्याची श्रमशक्ती बाजार विकत घेत नाही तो निरुपयोगी, हा भांडवली निकाल दानधर्माने निमूटपणे मान्य केला आहे.

वस्तुतः पुण्यातच वेगळा अनुभव उपलब्ध आहे. 1986 साली येरवड्यात डॉ. अनिता अवचट यांच्या नेतृत्वाखाली ‘मुक्तांगण’ सुरू झाले. व्यसनातून बाहेर पडलेली माणसेच तेथे पुढे नव्या रुग्णांचे समुपदेशक झाली. कुटुंबाने आणि समाजाने ओवाळून टाकलेल्या माणसाचा अनुभव हीच तेथे विद्या ठरली. काल मदत घेणारा आज मदत देऊ लागला. मात्र हे कार्य हवेत उभे राहिले नाही. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांची देणगी होती आणि प्रारंभी जागा होती ती सरकारी मनोरुग्णालयाच्या आवारात. स्वयंसेवेचे गोडवे गाणारे लोक ही सरकारी जागा नेमकी विसरतात.

कारण त्यांचा डाव निराळा असतो. समाजाने एकमेकांना सांभाळावे म्हणजे सरकारला हात झटकता येतात. वृद्धांच्या निवृत्तिवेतनातील केंद्राचा वाटा 2006 साली दरमहा 200 रुपये ठरला आणि नंतरच्या साऱ्या महागाईत साठ ते एकोणऐंशी वयोगटासाठी तो तेथेच ठेवला गेला. 2005 पासून गावोगाव आरोग्याचा भार वाहणाऱ्या ‘आशा’ कागदोपत्री स्वयंसेविका आहेत. त्यामुळे त्यांना वेतन नाही, मोबदला. 2023 साली महाराष्ट्रातील आशांना त्यासाठी संप करावा लागला. ‘स्वयंसेवक’ या पवित्र शब्दाचा असा उपयोग करणाऱ्यांच्या तोंडून शेजारधर्माची प्रवचने ऐकून घेण्याचे कारण नाही.

म्हणून परस्परसाह्याला विरोध करावा, असा निष्कर्ष काही डावे मित्र काढतात. तो घाईचा आहे. एकेकट्या हिंडून कचरा वेचणाऱ्या स्त्रियांना 1993 मध्ये ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायती’ने डॉ. बाबा आढाव यांच्या अध्यक्षतेखाली एकत्र आणले. त्या प्रथम एकमेकींना भेटल्या, मग महापालिकेकडून ओळखपत्रे मिळवली आणि 2008 साली ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेमार्फत घरोघर कचरा गोळा करण्याचा करार झाला. कचरा ओळखण्याचे त्यांचे कसब शहराने मान्य केले ते त्या संघटित झाल्यावर. एकमेकींना धरून राहणे आणि महापालिकेशी भांडणे ही कामे तेथे वेगळी नव्हती.

शनिवार पेठेत हेच का होऊ नये? महापालिकेच्या शाळांच्या खोल्या संध्याकाळी कुलूपबंद असतात. त्यांतील एक खोली, दिवाबत्ती आणि एक पगारी कार्यकर्ता एवढे महापालिकेने द्यावे. (मार्च 2022 नंतर दीर्घकाळ पुण्यात लोकनियुक्त नगरसेवकच नव्हते, तेव्हा मागायचे कोणाकडे हाही प्रश्न होता.) निवृत्त हिशेबनिसाने तेथे बचतगटाच्या वह्या लिहायला शिकवावे, गटातल्या मुलीने त्याला बँकेचे व्यवहार फोनवर करायला शिकवावे. जपानमध्ये तेरुको मिझुशिमा यांनी 1973 साली ओसाकात गृहिणींच्या तासांची देवघेव मांडणारी श्रमपेढी काढली होती. कल्पना काही आकाशातून पडलेली नाही.

एक अट मात्र सोडता कामा नये. चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईपाशी संध्याकाळचा फुकट तास नसतो. तिला वगळले तर हे मंडळ पेन्शनरांचा क्लब होईल. तिच्यापाशी असलेले स्वयंपाकाचे वा शुश्रूषेचे ज्ञान हवे असेल, तर त्या तासाची मजुरी महापालिकेच्या अंदाजपत्रकातून मिळाली पाहिजे. वॉर्डातील कार्यकर्त्यांनी याद्या करायला बसावे, तेव्हा तळमजल्यावरच्या भाडेकरूंपासून आणि कामवाल्यांपासून आरंभ करावा; बंद सदनिकांची दारे त्यानंतर ठोठवावीत.