आत करतेस काय इतका वेळ?

आमच्या वन-रूम-किचनमध्ये रोज सकाळी हा प्रश्न दारावर टकटक करत यायचा. कधी बाबांच्या आवाजात, कधी धाकट्या भावाच्या. खरं उत्तर 'काहीच नाही' असं होतं. पाऊण तास कुंथून बाहेर यायचं ते पोट साफ न झाल्याचं फीलिंग घेऊनच!

नाकं मुरडू नका. ब्रेकअपपासून बिकिनी वॅक्सपर्यंत सगळं बोलतो की आपण. मग यानेच काय घोडं मारलंय?

उपाय सगळे झाले. आजीचं एरंडेल, आईचं त्रिफळा चूर्ण, केमिस्टकडचं इसबगोल. इसबगोलने तर पोट आणखीच टम्म फुगलं. एका दिग्दर्शकाचा इंटरव्ह्यू मी टेबलाखाली जीन्सचं बटण उघडून घेतलाय! तरी डॉक्टरकडे गेले ती रक्त दिसल्यावरच. (तुम्ही एवढं थांबू नका. रक्त दिसलं किंवा उगाच वजन उतरायला लागलं, तर सरळ डॉक्टर गाठा.) तपासणीत रक्त मूळव्याधीचं निघालं. मग बाईंनी एक अजब टेस्ट सांगितली. पाणी भरलेला छोटासा फुगा गुदाशयात ठेवतात आणि आपण तो बाहेर टाकायचा. साधारण मिनिटाभरात निघायला हवा. माझा निघालाच नाही.

भानगड अशी की, ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची एक झोळी असते, पेल्विक फ्लोअर. त्यातला एक स्नायू गुदाशयाला मागून वेढा घालून पुढे ओढून धरतो, बागेतली पाण्याची नळी वाकवून धरावी तसा. एरवी हे बरंच, नाहीतर लोकलमध्ये आपली काय पंचाईत झाली असती! पण शौचाच्या वेळी त्याने सैल पडायचं असतं, म्हणजे नळी सरळ होते. माझा स्नायू नेमका तेव्हाच आवळला जायचा. वरून मी जोर लावतेय आणि खालून मीच दार ओढून घेतेय. इसबगोल बिचारं काय करणार?

प्रत्येकाच्या बाबतीत याचं कारण सापडतंच असं नाही. पुरुषांनाही होतं. माझ्या बाबतीत बाईंचा संशय दाबून ठेवायच्या सवयीवर होता. पहिल्या नोकरीत तीस जणींत एक टॉयलेट, तेही पॅन्ट्रीला लागून, आणि दार पत्र्याचं. चार वर्षं मी तिथे फक्त लिपस्टिक लावायला गेले.

मध्यंतरी जिममधल्या ट्रेनरने कीगल करायला सांगितलं होतं. कीगल म्हणजे अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञ आर्नल्ड कीगल यांनी १९४८मध्ये मांडलेले, खालचे स्नायू आवळायचे व्यायाम. खोकताना-शिंकताना लघवी होणाऱ्या बायकांना उत्तम. मला मात्र आवळायला नाही, सोडायला शिकायचं होतं!

ते शिकवलं फिजिओथेरपिस्टने, बायोफीडबॅक नावाच्या प्रकाराने. सेन्सर लावतात आणि स्नायू आवळला की स्क्रीनवरची रेघ वर जाते, सोडला की खाली. पहिल्या दिवशी ती 'सोड' म्हणाली आणि माझी रेघ वर! रडूच आलं. तिसऱ्या-चौथ्या सेशनला ती हळूच खाली आली. सोबत घरचा अभ्यास: कमोडवर बसताना पायाखाली स्टूल, गुडघे कमरेच्या वर, थोडं पुढे वाकायचं, पोटात श्वास घ्यायचा, कुंथायचं नाही आणि दहा मिनिटांत काही झालं नाही तर उठायचं. मोबाइल बाहेर. म्हणजे आम्ही हौसेने जो इंडियन संडास फोडून कमोड बसवला, त्याचीच नक्कल आता स्टूल लावून चाललीय.

आईने ही सगळी कथा फोनवरून अख्ख्या खानदानाला सांगितली. मी चिडले होते. मग रविवारी मामी जेवायला आली. हात धुताना मला बाजूला घेऊन तिने हळूच विचारलं, "त्या फुग्यावाल्या बाई कुठे बसतात गं?"