सरकारी वकील नेमताना कारणे जाहीर करा

प्रति,
विधी व न्याय विभाग,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई

ॲड. उज्ज्वल निकम यांच्याबद्दल खानदेशाला अभिमान आहे आणि तो रास्तच आहे. जळगावच्या कोर्टात उमेदवारी केलेला हा वकील 1993 च्या बॉम्बस्फोट खटल्यात आणि पुढे कसाबच्या खटल्यात सरकार पक्षाच्या वतीने उभा राहिला. 2024 मध्ये मात्र ते भाजपचे उमेदवार म्हणून उत्तर मध्य मुंबईतून लोकसभा लढले आणि हरले. निकाल लागून महिनाही उलटला नव्हता, तोच शासनाने त्यांना पुन्हा विशेष सरकारी वकील नेमले. आक्षेप काँग्रेसने घेतला, म्हणून तो राजकीय ठरवून बाजूला सारता येईल. प्रश्न तरीही उरतोच.

मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांच्या खुनानंतर गावकऱ्यांनीच निकम यांना नेमा म्हणून आंदोलन केले, आणि फेब्रुवारी 2025 मध्ये ती मागणी मान्य झाली. त्या गावाचा विश्वास कोणी हलका लेखू नये. पण जुलैमध्ये निकम राज्यसभेवर नियुक्त झाले. राजकारणाशी इतका निकट आलेला वकील सरकार पक्षाची बाजू मांडतो, तेव्हा आरोपीलाही खटला निष्पक्ष वाटला पाहिजे. त्याची काळजी विभागानेच घ्यायची असते.

हा एकाच पक्षाचा दोष नाही, हे जळगावकरांइतके कोणाला ठाऊक असणार? महाविकास आघाडीच्या काळात जळगावच्या रायसोनी पतसंस्था घोटाळ्यात विशेष सरकारी वकील होते प्रवीण चव्हाण. 8 मार्च 2022 रोजी तेव्हाचे विरोधी पक्षनेते देवेंद्र फडणवीस यांनी विधानसभेत सव्वाशे तासांचे चित्रीकरण सादर केले आणि जामनेरच्या गिरीश महाजनांना अडकवण्याचा कट चव्हाण यांच्या कार्यालयात शिजल्याचा आरोप केला. चव्हाण यांनी तो फेटाळला, पण काही दिवसांतच पद सोडले. आरोप खरा की खोटा, हे तपासातून ठरावे. सरकारी वकील सत्ताधाऱ्यांचा माणूस असतो, हा समज मात्र दोन्ही बाजूंच्या कार्यकर्त्यांत तेव्हापासून आणखी घट्ट झाला.

आणि जळगावचे घरकुल योजनेतील घोटाळ्याचे प्रकरण! 2006 मध्ये महापालिका आयुक्त प्रवीण गेडाम यांनी फिर्याद दिली. 31 ऑगस्ट 2019 रोजी धुळ्याच्या विशेष न्यायालयाने सर्व 48 आरोपींना दोषी ठरवले. त्यांत माजी मंत्री सुरेश जैन होते, आणि अटकेच्या वेळी राज्यमंत्री असलेले गुलाबराव देवकरही. ज्या सरकारात आरोपी मंत्री आहे, त्याच सरकारने त्याच्याविरुद्धचा वकील निवडायचा, अशी वेळ खानदेशावर खरोखरच आलेली आहे.

सर्वोच्च न्यायालयाने 1988 मध्ये मुकुल दलाल खटल्यात, महाराष्ट्राच्याच नियमांवर बोट ठेवून, विशेष सरकारी वकील मागेल त्याला देऊ नका, आधी कारणे तपासा, असे बजावले होते. त्याआधीच, 1981 मध्ये, राज्याने फौजदारी प्रक्रिया संहितेत दुरुस्ती करून जिल्हा सरकारी वकिलांच्या यादीसाठी सत्र न्यायाधीशांचा सल्ला काढून टाकला आणि तिथे शासनाची मान्यता आणली. त्या संहितेच्या जागी 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 18 मध्ये तो सल्ला पुन्हा आला आहे. विभागाने तो पुन्हा हटवू नये. जळगाव आणि धुळे जिल्ह्यांच्या याद्या सत्र न्यायाधीशांच्या अभिप्रायासह जाहीर कराव्यात. निवडणूक लढवलेल्या किंवा पक्षाचे पद घेतलेल्या वकिलाला किमान तीन वर्षे विशेष नेमणूक देऊ नये. आणि निकम यांची जून 2024 ची नेमणूक ज्या टिपणीवर झाली, ती टिपणी लोकांना वाचू द्यावी.