चौक झाकू नका!

जुना वाडा दुरुस्तीला काढला की पहिली कुऱ्हाड चौकावर पडते. ‘एवढी जागा वाया कशाला?’ म्हणून वर स्लॅब किंवा पत्रे पडतात आणि एक खोली वाढते. नुकताच अशाच एका घरी पेशंट पाहायला गेलो. माजघरात भर दुपारी ट्यूब लावून आजींना तपासावे लागले. भिंतींना ओल, कोपऱ्यांत बुरशी. अशा जागी दमेकऱ्याचा खोकला हटणार कसा?

चौक म्हणजे घराची फुप्फुसे. तापलेली हवा तेथून वर निघून जाते व दारा-खिडक्यांतून ताजी हवा आत येते. क्षयाचे जंतू हवेतून पसरतात; कोंदट खोलीत ते साचून राहतात, खेळत्या हवेत विरळ होतात. हाडांना लागणारे ‘ड’ जीवनसत्त्व कातडीवर थेट ऊन पडल्यावर तयार होते, काचेतून आलेल्या उन्हाने नाही. घराबाहेर न पडणाऱ्या आजींना ते ऊन चौकातच मिळत होते.

दुरुस्ती अवश्य करा, पण चौक उघडा ठेवा. चोरांची भीती असेल तर वर लोखंडी जाळी बसवा. पावसाचे पाणी साचू नये म्हणून फरशीला उतार द्या. तुळस, अडुळसा, कोरफड लावा. मात्र कुंड्यांखालच्या ताटल्या आठवड्यातून एकदा कोरड्या करा, कारण डेंग्यूचा डास अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो.

उजेड आणि वारा अडवून मिळवलेली खोली पुढे औषधपाण्याच्या खर्चाने महाग पडते, एवढे लक्षात ठेवा.