आधी तळ, मग रंग : बडोद्याहून आणलेल्या जुन्या गाडीबद्दल थोडं स्पष्ट



बंदीचा काळ जवळ आला की सोसायटीच्या ऑफिसात उचलीसाठी माणसं यायला लागतात. कोणाला जाळी घ्यायची असते, कोणाला इंजिन खोलायचं असतं, कोणाला मुलांची फी भरायची असते. यंदा एक नवीन कारण ऐकलं. आपल्या एका नौकामालकाचा मुलगा आला आणि म्हणाला, "सचिव काका, बडोद्याला जुनी सेडान बघितलीय. गाडीचे पैसे माझे आहेत. मॉडिफाय करायला साठ हजार उचल द्या."

दुसऱ्या दिवशी त्याचा बाप आला. म्हणाला, "देऊ नका. 1 ऑगस्टच्या आत इंजिनाचं काम झालं नाही तर बोट किनाऱ्यावरच राहील."

दोघांचंही म्हणणं आम्ही ऐकून घेतलं. मग मुलाबरोबर बडोद्याला जाऊन आलो. तिथे जे बघितलं आणि त्यावरून आमचं जे मत झालं, ते इथे लिहितो. गावातली आणखी चार-पाच पोरं याच विचारात आहेत, त्यांनाही उपयोग होईल.

बडोद्याची गाडी स्वस्त का?

बडोद्यापासून चाळीसेक किलोमीटरवर हालोल आहे. तिथे जनरल मोटर्सचा कारखाना होता. 1996 पासून तिथे ओपेल अ‍ॅस्ट्रा बनायला लागली, पुढे कोर्सा, मग शेवरोलेच्या ऑप्ट्रा, अ‍ॅव्हिओ, क्रूझ. एप्रिल 2017 मध्ये तो कारखाना बंद झाला आणि त्याच वर्षाच्या अखेरीला कंपनीने आपल्या देशात गाड्या विकणं थांबवलं. कारखाना पुढे एमजीवाल्यांकडे गेला.

ज्या कंपनीचं शोरूमच उरलं नाही, तिच्या गाडीचा भाव उतरणारच. म्हणून आज नव्या मोटरसायकलच्या पैशात ऐसपैस, पाच माणसांची गाडी मिळते. पण एक लक्षात ठेवा, स्वस्त आहे ती खरेदी. सुटे भाग शोधावे लागतात, कधी जुन्या गाडीचे काढून बसवावे लागतात. गाडी घेण्याआधी आपल्या पालघर-वसई भागातल्या दोन मेकॅनिकना विचारा, "हिचं काम करशील का? सामान कुठून आणशील?" दोघांनीही मान हलवली तर गाडी कितीही चकचकीत असो, सोडून द्या.

आम्ही बघितलेली गाडी चौदा वर्षांची होती. रंग बरा, एसी चालू, इंजिनाचा आवाज ठीक. किंमत एक लाख दहा हजार ठरली. पोराच्या डोक्यात यादी तयारच होती : मोठे अलॉय व्हील, काळ्या काचा, गाडी खाली बसवायची, सायलेन्सर बदलायचा, डिकीत मोठा बफर.

आम्ही त्याला एकच विचारलं, "पावसाळ्यात बोट वर ओढल्यावर तुझा बाप पहिलं काय करतो?"

म्हणाला, "तळ बघतो."

आपल्याकडे कोणी सडलेल्या फळीवर रंग मारत नाही. रंगरंगोटी आणि पताका नारळी पौर्णिमेला. त्याआधी तळ, फळ्या, इंजिन, पंखा. गाडीलाही हाच नियम लावायचा. आमचं सगळं म्हणणं एवढंच आहे.

साठ हजारांचा हिशोब

मेकॅनिकला समोर बसवून आम्ही पोराच्या साठ हजारांची वाटणी पुन्हा केली. आकडा गाडीप्रमाणे कमी-जास्त होईल, पण क्रम बदलू नका.

1. चार टायर, कंपनीच्याच मापाचे : 18,000
2. ब्रेक पॅड, ब्रेक ऑइल, पाइपांची तपासणी : 6,000
3. पुढचे दोन शॉकअप आणि रबरी बुश : 10,000
4. टायमिंग बेल्ट आणि पाण्याचा पंप : 8,000
5. बॅटरी : 5,000
6. गाडीखालचा गंज घासून कोटिंग : 4,000
7. सीट कव्हर आणि मॅट : 5,000
8. साधा म्युझिक सिस्टिम आणि दोन स्पीकर : 4,000

झाले साठ हजार. यातले पहिले 51,000 गाडीसमोर उभं राहून कोणाला दिसणार नाहीत. शेवटचे 9,000 दिसतील. पोराचं तोंड उतरलं, ते आम्ही समजू शकतो. पण गाडी धुऊन, हेडलाइटच्या पिवळ्या पडलेल्या काचा घासून पॉलिश केल्यावर तीच गाडी पाच वर्षांनी लहान दिसायला लागली. त्याला फार पैसे लागत नाहीत, हात लागतात.

टायमिंग बेल्टबद्दल मुद्दाम सांगतो. हा बेल्ट असलेल्या बऱ्याच इंजिनांत तो चालता चालता तुटला तर वॉल्व्ह पिस्टनवर आदळून वाकतात. मग दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीला भिडतो. आधीच्या मालकाने कधी बदलला याचं बिल नसेल, तर बदललेलाच नाही असं धरा.

आपल्या गावचा खास शत्रू : खारं पाणी

बडोद्याच्या कोरड्या हवेत चौदा वर्षं टिकलेला पत्रा आपल्या बंदरावर दोन पावसाळ्यांत खाल्ला जातो. हे आम्ही स्वतःच्या चुकीवरून सांगतो. आमच्या आधीच्या गाडीच्या डिकीतून आम्ही मासळीच्या टोपल्या नेत होतो. बर्फाचं पाणी मॅटखाली उतरलं. वरून काही दिसलं नाही आणि एक दिवस स्टेपनी काढायला गेलो तर खालचा रस्ता दिसला!

तेव्हा डिकीत प्लास्टिकचा खोल ट्रे ठेवा. मासळी नेलीच तर त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुऊन मॅट उन्हात टाका. गाडीखालून पाणी निघायची भोकं असतात, ती बुजू देऊ नका. उधाणाचं पाणी रस्त्यावर असताना गाडी घालू नका. आणि अशा रस्त्यांच्या गावात गाडी खाली बसवायला स्प्रिंग कापणं म्हणजे भरलेली बोट मुद्दाम खडकावर नेणं.

आरसी बुकात नाही ते गाडीत नको

मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे कंपनीने ठरवून दिलेल्या आणि आरसीत नोंदलेल्या तपशिलात परस्पर बदल करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच सांगितलं. त्याच वर्षी झालेल्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

काचांचा नियमही नीट समजून घ्या. पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान 70 टक्के, बाजूच्या काचांतून किमान 50 टक्के उजेड आरपार गेला पाहिजे. गाडीचा रंग बदलायचा किंवा सीएनजी किट बसवायचं असेल तर ते आरटीओच्या नोंदीनेच. किट मंजूर कंपनीचं घ्या, सिलिंडरची दर तीन वर्षांनी तपासणी करा. बडोद्यात सीएनजी सहज मिळतो म्हणून तिथले लोक किट लावतात. आपल्याला डिकी हवी की गॅसची टाकी, हे आधी ठरवा.

अपघात झाला की विमा कंपनी पहिलं आरसी आणि गाडी जुळवून बघते. तिथे फरक सापडला तर दाव्यात अडचण येते. तेव्हा काळी काच आणि मोठा आवाज कामाला येत नाही.

कागदांबद्दल आणखी थोडं. गाडी जीजे-06, म्हणजे बडोदा पासिंग. ती आपल्याकडे कायम चालवायची तर बडोदा आरटीओची एनओसी आणा, इथला टॅक्स भरा, 12 महिन्यांच्या आत एमएच-48 नंबर घ्या. कर्जाचा बोजा उतरलेला आहे का, चलनं बाकी आहेत का, चेसिस नंबर जुळतो का, हे पैसे देण्याआधी बघा. आणि गाडी 15 वर्षांची झाली की आरसीचं नूतनीकरण करावं लागतं, त्यासाठी गाडी तपासणीला न्यावी लागते. एप्रिल 2022 पासून खासगी कारला त्याची फी 5,000 रुपये झाली आहे, टॅक्स वेगळा. चौदा वर्षांची गाडी घेणाऱ्याने हा खर्च पहिल्या दिवशीच बाजूला काढावा.

हौस वाईट नाही

काही ज्येष्ठ म्हणतील, पोरांना कशाला असले शौक? आम्हाला हे पटत नाही. जो पोरगा दहावीपासून बापाबरोबर बोटीवर जातो, रात्र रात्र जाळं ओढतो, त्याला आपली गाडी चांगली दिसावी असं वाटलं तर त्यात गैर काय? आपण बोटीला रंग देतो, नाव लिहितो, हार घालतो. तीही हौसच आहे.

बडोदा हे हौशी लोकांचंच शहर. जानेवारी 2023 मध्ये गायकवाडांच्या लक्ष्मी विलास राजवाड्यात जुन्या मोटारींचं मोठं प्रदर्शन भरलं होतं. अशा स्पर्धेत मान मिळतो तो गाडी मूळ रूपात किती जपली याला. राजेरजवाड्यांच्या गाड्यांना जो नियम, तोच आपल्या लाखभराच्या गाडीला लावायला काय हरकत आहे? जपलेली जुनी गाडी हीच शान.

फक्त हौस आपल्या कमाईतून असावी आणि बोटीच्या पैशाला हात लागू नये. 1 जून ते 31 जुलै कमाई बंद असते. त्या दोन महिन्यांत घेतलेली उचल पुढच्या हंगामाच्या मासळीतून फिटते. इंजिनच झालं नाही तर मासळी कुठून येणार? म्हणून आमचं मत आहे की सोसायटीने गाडीच्या सजावटीसाठी उचल देऊ नये. ब्रेक आणि टायरसाठी कोणी मागितली तर बोटीचं काम आधी झालंय का, हे बघून विचार करावा. संचालक मंडळाच्या बैठकीत आम्ही हे मांडणार आहोत.

त्या पोराचं काय झालं? उचल बापाच्या इंजिनासाठी मंजूर झाली. पोराने गाडी घेतली आणि स्वतःच्या पैशांतून सध्या यादीतले पहिले दोनच नंबर केलेत. बाकीचं हंगाम सुरू झाल्यावर. आई पहाटे बाजाराला निघते तेव्हा तो तिला स्टेशनपर्यंत सोडतो. टोपल्या मात्र अजून टेम्पोतूनच जातात, डिकीत ठेवू देत नाही. आम्ही सांगितलेलं त्याने एवढं तरी ऐकलं 😊

कोणाला जुनी गाडी घ्यायची असेल तर पैसे देण्याआधी कागद घेऊन ऑफिसात या. बघून देऊ, त्याला फी नाही.

आपला,
सचिव