नोंदणी झाली, पण कंपनी हयात आहे काय?

खास प्रतिनिधी

लेटरहेडवर ‘प्रायव्हेट लिमिटेड’ ही दोन अक्षरे दिसली की ग्राहक, पुरवठादार आणि नोकरीच्या शोधातील तरुण निर्धास्त होतात. सरकारदरबारी नोंद झालेली संस्था म्हणजे भरवशाची संस्था, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुस्थिती मात्र तशी नाही. नोंदणी हा कंपनीचा जन्मदाखला होय; तिच्या सचोटीची वा प्रकृतीची हमी त्यातून मिळत नाही.

कंपनी स्थापन करणे गेल्या काही वर्षांत बरेच सुलभ झाले आहे. खासगी कंपनीसाठी असलेली एक लाख रुपयांच्या किमान भरणा भांडवलाची अट २०१५ मध्ये रद्द झाली. २०२० पासून ‘स्पाइस प्लस’ या एकत्रित ऑनलाइन अर्जातून नाव, नोंदणी, पॅन व टॅन ही कामे होऊ लागली. दोन भागधारक आणि दोन संचालक एवढ्या बळावर कंपनी उभी राहते. भागधारकांचे दायित्व त्यांनी स्वीकारलेल्या भागांपुरतेच मर्यादित असल्याने कंपनी बुडाली तरी त्यांच्या घरादारावर सहसा जप्ती येत नाही. उद्योजकाला धाडस करता यावे, हा त्यामागील हेतू. परंतु जे नुकसान मालकाच्या वाट्याला येत नाही, ते धनकोच्या वाट्याला येते. म्हणूनच मर्यादित दायित्वाच्या बदल्यात कायद्याने पारदर्शकतेची अट घातली आहे. दरवर्षी ताळेबंद आणि वार्षिक विवरणपत्र कंपनी निबंधकांकडे सादर करणे बंधनकारक आहे.

ही अट किती कंपन्या गुंडाळून ठेवतात, हे २०१७ च्या मोहिमेत उघड झाले. त्या वर्षी सप्टेंबरपर्यंत दोन लाख नऊ हजारांहून अधिक कंपन्यांची नावे नोंदवहीतून काढण्यात आली आणि त्यांच्या बँक खात्यांवर निर्बंध आले. सलग तीन आर्थिक वर्षे विवरणपत्रे न देणाऱ्या कंपन्यांचे संचालकही पाच वर्षांसाठी अपात्र ठरले. त्यानंतर कायदा अधिक कडक झाला. नोव्हेंबर २०१८ पासून स्थापन होणाऱ्या भागभांडवली कंपनीला भागांचे पैसे जमा झाल्याचे घोषणापत्र १८० दिवसांत द्यावे लागते. त्याशिवाय व्यवसाय सुरू करता येत नाही.

सामान्य नागरिकाच्या हाती यातून एक साधन आले आहे. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर नावावरून वा २१ अक्षरांकांच्या ओळख क्रमांकावरून कंपनीची स्थिती पाहता येते. या क्रमांकातच बरीच माहिती दडलेली असते. आरंभीचे ‘एल’ किंवा ‘यू’ हे अक्षर ती शेअर बाजारात सूचिबद्ध आहे की नाही ते सांगते. पुढे उद्योगाचा संकेतांक, राज्य (महाराष्ट्रासाठी ‘एमएच’) आणि स्थापनेचे वर्ष येते. स्थितीच्या रकान्यात ‘स्ट्राइक ऑफ’ असेल, तर तिच्याशी नवा करार करण्यात अर्थ नाही. ‘डॉरमंट’ म्हणजे सुप्तावस्थेतील कंपनी.

तथापि ‘अॅक्टिव्ह’ या शब्दावर विसंबणे धोक्याचे आहे. नाव वगळण्याच्या प्रक्रियेत नोटिसा व मुदती असल्याने बंद पडलेली कंपनीही काही काळ कागदोपत्री ‘अॅक्टिव्ह’ दिसू शकते. त्यामुळे शेवटची वार्षिक सभा कधी झाली आणि शेवटचा ताळेबंद कोणत्या तारखेचा आहे, हे पाहणे अधिक महत्त्वाचे. मालमत्तेवरील कर्जबोजाची नोंदही तपासावी. शिवाय नोंदणी म्हणजे ठेवी गोळा करण्याचा परवाना नव्हे. खासगी कंपनीला सामान्य जनतेकडून ठेवी घेण्यास कायद्याने मनाई आहे; तशी जाहिरात दिसल्यास नोंदणी प्रमाणपत्र दाखवले म्हणून भुलू नये.

नाव वगळले म्हणून देणी बुडत नाहीत, हा कायद्यातील दिलासा आहे. संचालक व सभासदांची जी जबाबदारी असेल ती पुढेही कायम राहते आणि धनको वा कामगार राजपत्रातील प्रसिद्धीपासून २० वर्षांच्या आत कंपनी पुनरुज्जीवित करण्यासाठी राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाकडे अर्ज करू शकतात. मात्र वकील आणि तारखांचा खर्च पेलणे लहान पुरवठादाराला किंवा थकीत पगारासाठी झगडणाऱ्या कर्मचाऱ्याला कितपत शक्य आहे? आगाऊ रक्कम देण्यापूर्वी नोंदवहीवर घातलेली नजर त्या खर्चाच्या तुलनेत नक्कीच स्वस्त पडते.