पाव इंचाची शिवण

गेल्या पावसाळ्यात दवाखान्याच्या ओल्या पायरीवर माझा पाय घसरला आणि पडताना मी उजवा हात टेकला. मनगटाजवळचे हाड मोडले. असे अस्थिभंग मी सत्तावीस वर्षे पाहत आले आहे. पन्नाशीपुढच्या स्त्रिया न्हाणीघरात, अंगणात, बसमधून उतरताना पडतात आणि दुखरा हात दुसऱ्या हाताने सावरीत तपासणीच्या खोलीत येतात. त्या दिवशी टेबलाच्या पलीकडच्या बाजूला मी बसले होते.

सहा आठवड्यांनी प्लास्टर निघाले. हाड जुळले होते, पण हात माझा वाटेना. बोटे सुजलेली, मूठ अर्धीच मिटणारी. तळहात वर करून कुणाकडून सुटे पैसे घेणेही जमत नव्हते. सिरिंजचा दट्ट्या दाबायला गेले तर अंगठा थरथरू लागला. पोट तपासणे, जखमेला टाके घालणे, नाडी पाहणे ही सारी कामे ज्या हाताची, तोच हात असा लुळा पडलेला. तीन-चार रात्री मी छताकडे पाहत हाच हिशेब केला की, दवाखाना किती दिवस बंद ठेवता येईल आणि नंतर काय.

फिजिओथेरपिस्टने व्यायाम शिकविले. रबरी चेंडू दाबायचा, टॉवेल पिळायचा, मनगट वर-खाली करायचे. रुग्णांनी व्यायाम टाळले म्हणून त्यांना रागावणाऱ्या या डॉक्टरीणबाईंनी ते चार दिवस केले. पाचव्या दिवशी चेंडू कपाटामागे गेला आणि मी तो काढला नाही.

मदतीला माझ्या थोरल्या जाऊबाई गावाहून आल्या होत्या. मी त्यांना वहिनी म्हणते. वय अडुसष्ट. त्यांच्याबरोबर चिंध्यांचे गाठोडे असतेच, कारण बसल्या जागी गोधडी टाचल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. जुनी लुगडी एकावर एक पसरायची, वर मिळेल तो तुकडा ठेवायचा आणि कडेने धावदोरा घालीत आत आत यायचे, ही त्यांची रीत. माझी पुतणी मात्र परदेशी पद्धतीची ‘सॅम्पलर’ गोधडी शिकलेली. सॅम्पलर म्हणजे नमुन्यांची गोधडी. तिच्यात प्रत्येक चौकटीची नक्षी निराळी असते. पूर्वी शिकणाऱ्या मुली हात बसावा म्हणून अशा चौकटी करीत. मी ती करावी असे पुतणीने सुचविले, तेव्हा वहिनी हसल्या. “गोधडीला कसलं आलंय माप? कुठं बसायचं ते तुकडाच सांगतो. पण कर बाई, तो चेंडू काही तू दाबायची नाहीस.”

मी फिजिओथेरपिस्टला विचारले. त्यांनी परवानगी दिली, पण एक अट घातली. काम थांबविल्यावर तासाभरानेही दुखणे उरले, तर दुसऱ्या दिवशी काम निम्मे करायचे. व्यायामही सोडायचे नाहीत. चेंडू कपाटामागून काढावा लागला.

आता थोडे प्रत्यक्ष कृतीविषयी, कारण मोजमापाशिवाय ही गोधडी होत नाही. आम्ही तयार आकार ३६ इंच रुंद आणि ४८ इंच लांब ठरविला. बारा इंचांचे एक घर धरले की अशी बारा घरे होतात. सहा घरांत बारा इंचांची एकेक मोठी चौकट. तीन घरांत सहा इंचांच्या चार-चार. उरलेल्या तीन घरांत नऊ इंचांची एक चौकट आणि तिच्या दोन बाजूंना तीन इंचांचे सात तुकडे. अशा रीतीने लहानमोठ्या चौकटी एकमेकींत बसतात आणि कुठे भोक पडत नाही. कापताना प्रत्येक तुकडा अर्धा इंच मोठा घ्यायचा, कारण चारी कडांना पाव-पाव इंच शिवणीत जाते. सुती कापड आधी धुऊन घ्यावे. ते आटायचे तेवढे आटते आणि लाल-जांभळे रंग जायचे असतील तर तिथेच जातात.

माझी पहिली चौकट साधी नऊ चौकोनांची होती. साडेचार इंचांचे तीन तुकडे एका ओळीत जोडले की लांबी साडेबारा यावी. माझी सव्वाबारा आली. उसवून पाहिले तर माझी शिवण पाव इंचापेक्षा एक सोळांश इंच जास्त पडत होती. दोन शिवणींत चार कडा जातात. चारदा सोळांश म्हणजे पाव इंच. डोळ्यांना न दिसणारी चूक चौथ्या वेळी टेप लावल्यावर दिसली. औषधाच्या मात्रेबद्दल रुग्णांना मी हेच सांगत असते, हे मनात आले आणि जरा ओशाळले.

चौकटी लहानमोठ्या असण्याचा फायदा माझ्या हाताला झाला. मोठ्या चौकटीत कातर उघडणे-मिटणे, कापड ओढून धरणे यांना सगळी मूठ लागते. तीन इंचांच्या तुकड्याला अंगठा आणि तर्जनी यांची चिमूट लागते. कातर सर्वांत अवघड गेली. पहिले तीन आठवडे कापणे वहिनींनी केले आणि मी मोठ्या नेढ्याच्या सुईने नुसते टाचत बसले. भिंगरीच्या नक्षीतले त्रिकोण दुसऱ्या महिन्यात जमले. ‘लॉग केबिन’ नावाची नक्षी, म्हणजे मधे लहान लाल चौकोन आणि भोवती फिरत जाणाऱ्या पट्ट्या, ही मला सर्वांत आवडली. लाकडी घरातली चूल म्हणून तो मधला चौकोन लाल ठेवतात. आम्ही त्यासाठी वहिनींच्या जुन्या खणाचा तुकडा वापरला.

तुम्ही हे काम आरंभणार असाल तर डॉक्टर म्हणून काही गोष्टी सांगणे भाग आहे. टाचण्या तोंडात धरू नका. खोकला वा हसू आले की ती श्वासनलिकेत जाऊ शकते. मधुमेहामुळे बोटे बधिर असतील तर सुई टोचल्याचे कळत नाही, म्हणून अंगुस्तान घाला आणि उठताना बोटे उजेडात पाहा. गोधडी मांडीवर घेऊन मान खाली घालून तासन्‌तास बसू नका. मांडीवर उशी ठेवून काम डोळ्यांजवळ आणा, वीस-पंचवीस मिनिटांनी उठा. रात्री अंगठा, तर्जनी आणि मधले बोट यांना मुंग्या येऊन जाग येत असेल, तर मनगटातील नस दाबली जात आहे का हे तपासून घ्या. प्लास्टर निघाल्यावर हात भाजल्यासारखा दुखत असेल, रंग बदलत असेल, सूज वाढत असेल, तर सुईदोरा बाजूला ठेवून आधी डॉक्टरांकडे जा.

आणखी एक, थोडे लाजूनच लिहिते. पन्नाशीनंतर उभ्या जागी पडून हाड मोडले, तर हाडे ठिसूळ झाली असावीत अशी शंका घ्यायची असते. मी किती जणींना हाडांच्या घनतेची तपासणी करायला लावली असेल! माझी पाळी जाऊन सहा वर्षे झाली होती आणि स्वतःची तपासणी मी केलेली नव्हती. केली, आणि निदान तेच निघाले. आता औषध चालू आहे. पायरीला कठडा बसविला आहे. तो बसवायला हात मोडावा लागला, असे वहिनी येणाऱ्या-जाणाऱ्यास सांगतात.

पाच महिन्यांत गोधडी पुरी झाली. मधे वहिनींचे जुने लुगडे आहे, खाली निळे अस्तर. माझे मनगट अजून पूर्ण वळत नाही, आणि वळेलच असे अस्थितज्ज्ञही म्हणत नाहीत. पण तिसऱ्या महिन्यात दवाखाना उघडला. चौथ्या महिन्यात एका मुलाच्या गुडघ्याला चार टाके घातले. त्याची आई माझ्या हाताकडे पाहत होती. मीही पाहत होते.

सव्वाबारा इंचांची ती चौकट मी पुन्हा केली नाही. पुतणीने तिला एका कडेने बारीक पिवळी पट्टी लावून घरात बसविली. या साऱ्या गडबडीत एक गोष्ट फार उशिरा लक्षात आली. वहिनी सुई धरताना अंगठ्याच्या मुळाशी कळ येऊन थांबत होत्या आणि कुणाला काही बोलत नव्हत्या. विचारले तर म्हणाल्या, “अगं, तुझा हात मोडलेला, त्यात माझं काय सांगू?” सांध्याची झीज आहे. अंगठ्याला आधारपट्टी दिली आहे, जाड मुठीची कातर आणली आहे. सध्या त्यांची सुई मी ओवून देते.