सुटीत मागे राहिलेली माणसे

आपल्याकडे दिवाळीला जे स्थान, तेच अमेरिकेत नाताळला. दूरदूर गेलेली माणसे त्या दिवसांत घराकडे परततात. पण ज्याला घरच ‘येऊ नकोस’ म्हणते, त्याने जावे कुठे? अलेक्झांडर पेन यांचा ‘द होल्डओव्हर्स’ (२०२३) हा चित्रपट या प्रश्नाला हात घालतो.

काळ डिसेंबर १९७०चा. स्थळ न्यू इंग्लंडमधील मुलांची एक निवासी शाळा. आईला नव्या पतीसमवेत मधुचंद्राला जायचे आहे, म्हणून अँगस हा बुद्धिमान पण तिरसट विद्यार्थी सुटीत शाळेतच अडकतो. त्याच्या देखरेखीला हनम हे प्राचीन इतिहासाचे शिक्षक. एकटे, करडे, विद्यार्थ्यांना नकोसे झालेले. तिसरी मेरी, शाळेच्या स्वयंपाकघराची प्रमुख. तिचा मुलगा याच शाळेत शिकला. परंतु पैशाअभावी पुढे महाविद्यालयात जाऊ शकला नाही आणि व्हिएतनामच्या युद्धाने त्याला गिळले. ही पुत्रशोकी माता साकारणाऱ्या डेव्हाइन जॉय रँडॉल्फ यांना २०२४ मध्ये सहायक अभिनेत्रीचे ऑस्कर मिळाले, ते यथार्थच होय.

या तिघांची मैत्री उपदेशातून जुळत नाही. हनम सुटीतही अभ्यासाचे आणि व्यायामाचे वेळापत्रक लादतात, तेव्हा मुलगा अधिकच दुरावतो. तो जवळ येतो, ते मास्तर ऐकू लागतात तेव्हा. वडील वारले, असे सांगणारा हा मुलगा बोस्टनला गेल्यावर मनोरुग्णालयात असलेल्या वडिलांना भेटतो. ही भेट पुढे घरच्यांना कळते आणि मुलाला शाळेतून काढून सैनिकी शाळेत धाडण्याची वेळ येते. तेव्हा हनम सारा दोष स्वतःवर घेतात. जिथे आयुष्य घालवले, त्या शाळेतील नोकरी जाते. मुलगा मात्र वाचतो. रोमन तत्त्वज्ञांची वचने वर्षानुवर्षे शिकवणारा शिक्षक त्या एका क्षणी ती जगून दाखवतो. संस्कार म्हणतात तो याहून वेगळा काय असतो?

चित्रपट पाहून ‘हे तिकडचे प्रश्न’ असे म्हणत समाधान मानण्याचा मोह आपल्याला होईल. तो टाळला पाहिजे. कुटुंबव्यवस्थेचा अभिमान आपण व्यासपीठावरून सांगतो. पण घरात आजोबा एका खोलीत दूरचित्रवाणीसमोर आणि नातू दुसऱ्या खोलीत मोबाइलसमोर, हे चित्र किती घरांतून दिसते! मे महिन्याची सुटी पूर्वी आजोळची असे. आज ती शिबिरे आणि शिकवण्या वाटून घेतात. एका छपराखाली राहणे आणि एकमेकांच्या सोबत असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पडद्यावरच्या त्या तिघांत रक्ताचे नाते नव्हते, तरी ते एकमेकांचे झाले. आपल्याजवळ नाते आहे. उणीव आहे ती एकमेकांसाठी बसण्याची.

चित्रपटात शिवराळ भाषा व मद्यपान आहे. म्हणून तो लहान मुलांसाठी नव्हे. मोठ्यांनी मात्र अवश्य पाहावा आणि येत्या सुटीत एक करावे. घरातील मुलाला आजोबांच्या शेजारी बसवावे. आजोबांनीही पहिल्या दिवशी काहीही शिकवू नये. आधी त्याचे ऐकावे.